कोयंडा, कॅमेरा आणि ‘आज रात्री लाइट कापणार’

(मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरफोडी आणि फसवणुकीबद्दलची पत्रं वाढतात. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न : आमच्या इमारतीत गेल्या महिन्यात दोन बंद फ्लॅट फुटले. दोन्हीकडे कुलूप जसंच्या तसं होतं, कोयंडा मात्र उखडलेला. आम्ही पंधरा दिवस गावी जाणार आहोत. कोणतं कुलूप घ्यावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कुलपाआधी कोयंडा बदला. चोरीची सगळी रीत तुमच्या पत्रातच आली आहे. चोर कुलपाच्या वाटेला जात नाही. तो कोयंड्यामागे कटावणी सारतो आणि अंगाचा भार टाकतो. कोयंडा पाऊण इंची चार स्क्रूंवर टिकलेला असतो आणि फ्लश डोअरच्या पोटात बहुधा मऊ लाकडाच्या पट्ट्या असतात. स्क्रू भुशासकट बाहेर येतात. मग त्यावर हजाराचं कुलूप लटकत असलं काय आणि शंभराचं असलं काय!

हार्डवेअरच्या दुकानात जाड पत्र्याचा कोयंडा आणि ६ मिमीचे कॅरेज बोल्ट मागा. या बोल्टचं डोकं गोल आणि गुळगुळीत असतं, बाहेरून त्याला पाना किंवा पेचकस लागत नाही. दार साधारण ३० ते ३५ मिमी जाड असतं, त्याला ५० मिमीचे बोल्ट पुरतात. डोकं बाहेर, नट आत. नटाखाली नुसता वॉशर नको, ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घाला, नाहीतर ओढ बसली की वॉशर लाकडात रुतत जातो. कोयंड्याची भोकं ड्रिलने मोठी करावी लागतील. ते करताना पत्रा वाकला तर तो कोयंडा परत करा, तो कटावणीपुढेही तसाच वाकेल. चौकटीच्या बाजूला आरपार बोल्ट बसत नाही. तिथे तीन इंची स्क्रू, आधी बारीक भोक पाडून मगच पिळायचे. हातोडीने ठोकले तर चौकट चिरते आणि पकड जाते. सुतार ‘एवढं कशाला?’ म्हणेल, त्याचं ऐकू नका.

बाहेर लटकणारं कुलूप ‘आम्ही घरी नाही’ अशी पाटीच असते, हेही लक्षात घ्या. त्यामुळे मुख्य भिस्त दारात बसवलेल्या, तीन-चार जाड बोल्ट सरकणाऱ्या कुलपावर ठेवा. नुसतं ओढून लावलेलं लॅच म्हणजे कुलूप नव्हे. त्याची जीभ तिरपी आणि स्प्रिंगवर असते, प्लास्टिकच्या पट्टीने मागे सरकते. बाहेर पडताना किल्ली फिरवून बोल्ट पक्का करायलाच हवा. हे बोल्ट चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरतात ती पट्टीही बहुतेक ठिकाणी अर्ध्या इंची स्क्रूंवर असते. तिलाही तीन इंची स्क्रू लावा.

सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या बिजागऱ्या बघा. ते दार बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्यांच्या खिळ्याही बाहेरच. खिळी ठोकून काढली की कुलपाला हात न लावता दार निघतं. दहा मिनिटांचं वेल्डिंगचं काम आहे, करून घ्या.

आणखी एक, मजल्यावरच्या सगळ्यांसाठी. चोर काम सुरू करण्याआधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज ऐकूनही कुणाला बाहेर येता येत नाही. दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाका. दूध आणि पेपर बंद करा. दिवा पंधरा दिवस सतत चालू ठेवू नका, भर दुपारी जळणारा दिवा रिकामं घर दाखवतो. शे-दोनशे रुपये जास्त लागले तरी टायमरचा सॉकेट घ्या. किल्ली मीटरच्या पेटीत, चपलांच्या स्टँडमध्ये किंवा तुळशीच्या कुंडीखाली नको. या तिन्ही जागा चोराला तुमच्याआधीपासून ठाऊक आहेत.

प्रश्न : भांडी चकाकवायची पावडर विकायला दोघे आले. आधी देवांची पितळी भांडी लखलखीत करून दिली, मग आईच्या बांगड्या ‘पॉलिश’ केल्या. बांगड्या त्याच आहेत, पण सोनाराने वजन केलं तर चांगलीच घट. हे कसं होतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सोनं विरघळवून नेलं. नुसतं नायट्रिक आम्ल सोन्याला काही करत नाही, नुसतं हायड्रोक्लोरिकही नाही. पण एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक एकत्र केलं की जे ‘अम्लराज’ तयार होतं, त्यात सोनं विरघळतं. बांगडी वाटीत बुडवून ब्रशने घासायची, थर उतरला की बाहेर काढायची. आकार तोच राहतो, नक्षी मात्र पुसट होते. वाटीतलं पाणी ते जपून घेऊन जातात, पुढे त्यातून सोनं परत काढता येतं.

नंतरचा हळदीचा प्रकार वेळ काढण्यासाठी असतो. दागिना हळदीच्या पाण्यात, डबा गॅसवर, ‘पंधरा मिनिटांनी उघडा, आधी उघडलंत तर चमक जाईल.’ तेवढ्यात ते दोन चौक पुढे गेलेले असतात. काही टोळ्या विरघळवण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. गढूळ पाण्याच्या आड दागिनाच उचलतात आणि डब्यात खडे ठेवतात.

तक्रार जरूर करा. वाटीत, फडक्यावर, ब्रशवर काही उरलं असेल तर धुऊ नका, उघड्या हाताने हाताळू नका, काचेच्या बाटलीत ठेवून पोलिसांना द्या. जुन्या पावतीवरचं वजन आणि सोनाराकडून आजच्या वजनाचं लेखी पत्र, दोन्ही लागतील. नवीन दागिन्यांवर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला असतो (१ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्क दागिना दुकानात विकता येत नाही). त्याचा जवळून फोटो काढून ठेवा. मुद्देमाल सापडला तर ‘हा माझाच’ हे सांगायला त्याहून सोपा पुरावा नाही.

याच टोळ्यांच्या जवळचा प्रकार म्हणजे साध्या वेशातले ‘पोलीस’: पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा. रस्त्यात दागिने काढायला कुठलाही पोलीस सांगत नाही. रुमाल त्यांच्या हातात गेला की पुडीत दगड येतात. थांबू नका, जवळच्या दुकानात शिरा आणि ११२ लावा.

प्रश्न : चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत चार कॅमेरे आहेत. तरी दुचाकी गेली तेव्हा चेहरा दिसला नाही, आणि आठ दिवसांनी मागितलं तर चित्रण पुसलेलं. आणखी कॅमेरे लावावेत का?
– सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : आधी आहेत ते चार नीट लावा. बारा फुटांवर, छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या आणि टक्कल दिसतं. निदान एक कॅमेरा सात-आठ फुटांवर हवा, माणसाला तोंड वळवावंच लागतं अशा जागी: लिफ्टसमोर, जिन्याच्या वळणावर. फाटकावरचा कॅमेरा थेट रस्त्याकडे रोखलेला असेल तर रात्री गाड्यांच्या दिव्यांनी चित्र पांढरं पडतं. तो किंचित आडवा वळवा.

चित्रण पुसण्याचं गणित सोपं आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. तुमच्याकडे १ टीबीची डिस्क असेल तर ११-१२ दिवसांत जुनं पुसून नवं लिहिलं जाणार. सेटिंग दुप्पट असेल तर सहा दिवसांतच. महिनाभर ठेवायचं तर ४ टीबी घ्या, तीही कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहून लवकर बसते. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) वॉचमनच्या टेबलावर नको, कुलपातल्या कपाटात हवा, हवा खेळती ठेवून, आणि यूपीएसवर. घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी ताडून पाहा. अठरा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळावर बचावाचा वकील तासभर बोलू शकतो. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्डही बदला.

चोरी झाली की त्याच दिवशी संबंधित भाग पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप बारीक होते आणि मूळ फाइलशी जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागतं. त्यावर यंत्र सांभाळणाऱ्याची सही असते, तेव्हा ते सोसायटीत नक्की कोण सांभाळतं ते ठरावात लिहून ठेवा.

प्रश्न : ‘आज रात्री ९.३० वाजता वीज कापली जाईल’ असा संदेश आला. त्यात दिलेल्या नंबरवर वडिलांनी फोन केला, एक अॅप घेतलं, दहा रुपये भरले. थोड्या वेळाने खात्यातून मोठी रक्कम गेली. बँक म्हणते तुमचीच चूक. पैसे मिळतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थकबाकीसाठी वीज तोडायची तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ हा शब्दच खोटा. दहा रुपये हे आमिष होतं. अॅपने स्क्रीन त्यांच्याकडे दाखवली, आणि दहा रुपये भरताना टाकलेला पिन त्यांनी पाहिला. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावांनी येणाऱ्या एपीके फाइलींचं (उघडल्या की फोनवर अॅप बसवणाऱ्या) कामही असंच, फक्त त्या ओटीपीचे संदेश परस्पर पुढे पाठवतात.

असं काही घेतल्याचं लक्षात आलं तर आधी फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना ते बघा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. हाताशी ठेवा: रक्कम, वेळ, खाते आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यांत फिरवले जातात, ते काढले जाण्याआधी अडवले तरच हाती लागतात. रात्री कळलं तर सकाळची वाट पाहू नका.

बँकेबद्दल : रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. पिन-ओटीपी आपणच उघड केला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून बँकेला सांगितल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही मिळालं, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

‘डिजिटल अरेस्ट’बद्दलही (पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करायची फसवणूक) बऱ्याच वाचकांनी विचारलंय. व्हिडिओ कॉलवरून अटक असा प्रकार कायद्यात नाही. खरा धोका ‘फोन ठेवू नका, घरी कुणाला सांगू नका’ या वाक्यात आहे. आईवडील एकटे राहत असतील तर त्यांच्या नेटबँकिंगची रोजची मर्यादा खाली आणा आणि ऑनलाइन ठेव मोडण्याची सोय बंद करता येते का ते शाखेत विचारा.

प्रश्न : घराचा विमा आहे, लॉकरही आहे. चोरीची काळजी मिटली ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पॉलिसी उघडून बघा. १ एप्रिल २०२१ पासूनची ‘भारत गृह रक्षा’ ही मुळात आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. चोरी त्यात येते ती अशा आपत्तीनंतर आणि तिच्यामुळेच, सात दिवसांत झाली तर. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. लॉकरबाबत, बँकेच्या इमारतीत आग, चोरी, दरोडा पडला किंवा कर्मचाऱ्याने फसवलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच. भाडं ३,००० रुपये असेल तर कमाल ३ लाख.

घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याची खूण मागतात, सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये पॉलिसीतल्या शब्दांचा हाच अर्थ धरला. म्हणून मोडलेला कोयंडा पंचनामा होईपर्यंत आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत बदलू नका. रात्री दार बंद करायचंच असेल तर त्याच्या वर वीतभर जागा सोडून दुसरी कडी मारा.