कोच म्हणतात "सगळेच घेतात", मग मुलाला ताकदीचं इंजेक्शन द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 19 वर्षांचा आहे, 400 मीटर धावतो, राज्य स्पर्धा तोंडावर आलीय आणि कोच एका इंजेक्शनसाठी मागे लागलेत. औषधाचं नाव मात्र ते सांगत नाहीत. माझं उत्तर सरळ आहे: देऊ नका. मी फार्मसिस्ट आहे. 16 वर्षं झाली, मैदानाला लागूनच माझं मेडिकल आहे. काउंटरच्या अलीकडून जे दिसतं, तेवढं सांगतो.

पोलीस भरती निघाली की पोरं येतात. मागच्या वेळी एकाच्या हातात वहीच्या पानाचा तुकडा होता, घामानं ओला झालेला. त्यावर मेफेंटरमाइन लिहिलेलं, तेही चुकीच्या स्पेलिंगमध्ये. "कशाला रे हे?" तर म्हणाला, "दम लागत नाही म्हणतात." ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेल्या पेशंटचा बीपी एकदम उतरला, तर तो वर आणायला हे औषध देतात. तिथं मॉनिटर चालू असतो, भूलतज्ज्ञ उशाशी उभे असतात. हा पोरगा ते स्वतःच्या हातानं टोचून 1600 मीटर पळणार होता! मी दिलं नाही. त्यानं ते दुसरीकडून मिळवलं का, हा विचार मला अजून सोडत नाही.

खेळातली बहुतेक बंदी असलेली औषधं अशीच कुठल्या तरी आजारी माणसाची आहेत. माझ्या फ्रिजमध्ये एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं असतात, डायलिसिसवरच्या पेशंटसाठी. किडनी बिघडली की शरीरात रक्त कमी तयार होतं, त्यांना ते लागतंच. लान्स आर्मस्ट्राँगनं सायकल शर्यतीसाठी हेच घेतलं. निरोगी माणसात यानं तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात, रक्त दाट होतं, गुठळी व्हायची भीती असते. त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं 2012 मध्ये काढून घेतली.

आणि मुद्दाम घेतलं तरच माणूस अडकतो असंही नाही. क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात 2019 मध्ये बंदी असलेलं टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या कितीतरी साध्या सिरपमध्ये ते असतं, माझ्या फळीवरही आहेत. त्यानं नकळत घेतलं हे बीसीसीआयनं मान्य केलं, तरी आठ महिन्यांची बंदी झालीच. तोही तेव्हा 19 वर्षांचाच होता.

नरसिंग यादवचं तर आपण सगळ्यांनी पाहिलं. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. रिओ ऑलिंपिकच्या आधी नमुन्यात मेथँडिनोन, म्हणजे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड, निघालं. माझ्या खाण्यात कुणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. नाडानं, म्हणजे आपल्याकडच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, ते मान्यही केलं. पण क्रीडा लवादाला ते पटलं नाही आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, 18 ऑगस्ट 2016 ला, चार वर्षांची बंदी आली. शरीरात औषध सापडलं की ते आलं कुठून हे खेळाडूनंच सिद्ध करायचं असतं. सिरिंज कोचच्या हातात असली तरी नमुन्याच्या फॉर्मवर सही तुमच्या मुलाची असते. चार वर्षं म्हणजे तो 23 चा होईल.

"सगळेच घेतात" हेही खरं नाही. नाडानं 2024 मध्ये 7113 नमुने तपासले, 260 मध्ये बंदी असलेलं औषध निघालं. शंभरात चारही नाहीत. आकडा लाजिरवाणाच आहे आणि जे पकडले गेले नाहीत ते यात नाहीत, हेही कबूल. पण तुमच्या मुलाबरोबर पहाटे पाचला ट्रॅकवर येणाऱ्या प्रत्येक पोराला चोर ठरवायचा हक्क त्या कोचना कुणी दिला?

आता काय करायचं ते सांगतो. कोचना औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. दिलंच लिहून, तर नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' ॲपमध्ये ते नाव टाकून बघा. लेबल नसलेल्या डब्यातली पावडर घरात येऊ देऊ नका. सर्दी-खोकल्यालाही डॉक्टरांना आधी सांगा की पोरगा स्पर्धेत धावतो. खरंच एखाद्या आजारासाठी बंदी असलेलं औषध लागत असेल, तर त्याची रीतसर परवानगी मिळते.

आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला जवळ बसवून शांतपणे विचारा, की आधीच एखादं घेतलंयस का. घेतलं असेल तर ओरडू नका. सकाळी फिजिशियनकडे न्या आणि सगळं खरं सांगा. बीपी, ईसीजी, लिव्हरची तपासणी होऊ द्या, आणि ही स्पर्धा सोडून द्या.