नेपल्सच्या पिझ्झेरियात : वाचकांचे प्रश्न

इटलीला जाऊन आलेल्या आणि जाऊ घातलेल्या वाचकांची पिझ्झ्याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं नेपल्समधल्या गल्लीबोळातल्या पिझ्झेरियांबद्दल आहेत, म्हणून उत्तरंही मुख्यतः तिथलीच.

प्रश्न : नेपल्समध्ये मार्गारिता मागवला. मधोमध इतका ओला, की तुकडा उचलताच वरचं सगळं ताटात घसरलं. कडेला मात्र काळे डाग. हा कच्चा म्हणायचा की जळका? परत पाठवला असता तर चाललं असतं का? (नाशिक)

कच्चाही नाही आणि जळकाही नाही. नेपल्सची लाकडाची भट्टी सुमारे ४३० ते ४८५ अंश सेल्सिअसवर असते आणि पिझ्झा तिच्यात ६० ते ९० सेकंदच राहतो. एवढ्या वेळात टोमॅटोतलं आणि ताज्या चीजमधलं पाणी उडून जाणं शक्यच नाही. त्यात मधला भाग अडीच ते चार मिलिमीटर इतका पातळ. काठ मात्र एक-दोन सेंटिमीटर फुगतो, आणि फुगलेल्या पिठाचे फोड आचेला सगळ्यात जवळ असल्यामुळे तेवढे ठिपके काळे पडतात. सुटे, लहान ठिपके ही चांगल्या आंबवलेल्या पिठाची खूण समजतात.

तक्रार करण्यासारखे दोष वेगळे आहेत. एक, पिझ्झ्याच्या बुडाला सलग काळा थर आणि कडवट चव. गोळा पसरताना ओट्यावर कोरडं पीठ जास्त भुरभुरलं आणि ते झटकलं नाही, तर भट्टीच्या फरशीवर तेच जळतं. दोन, टोमॅटोच्या लगेच खाली पांढरा, चिकट, दाताला लागणारा थर. पीठ पुरेसं आंबलेलं नसतं, किंवा सजवलेला पिझ्झा भट्टीबाहेर ताटकळत राहून त्याने पाणी शोषलेलं असतं, किंवा लागोपाठच्या ऑर्डरींनी भट्टीची फरशी थंडावलेली असते. शनिवारी रात्री तिसरं कारण जास्त. तीन, ताटात पाण्याचं तळं. ताजं चीज कापून काही तास निथळत ठेवावं लागतं. ते राहिलं की हे होतं. म्हशीच्या दुधाचं मोझरेला ‘फिओर दि लात्ते’पेक्षा, म्हणजे गाईच्या दुधाच्या मोझरेलापेक्षा, जास्त पाणी सोडतं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने साधा मार्गारिताच घ्यावा, ‘बुफाला’ नको. जास्त पैसे देऊन जास्त ओला पिझ्झा मिळतो आणि मग ही अशी पत्रं येतात.

पहिल्या दोन दोषांसाठी वेटरला बोलावून दाखवा, बदलून देतात. मध्यभागी ओला आहे म्हणून परत पाठवलात, तर मात्र तो तुमच्याकडे नुसता बघत राहील.

प्रश्न : आम्ही चौघं. दोन पिझ्झे मागवून वाटून घेतले तर बरं दिसेल का? आणि ते कापून का देत नाहीत? (ठाणे)

तिथे माणशी एक पिझ्झा हा रिवाज आहे. गोळा २०० ते २८० ग्रॅमचा आणि व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर, म्हणजे ताट भरून जातं, पण काठ हलका असल्यामुळे पोटाला जड होत नाही. नेपल्समध्ये साध्या मार्गारिताला सध्या साधारण ५ ते ८ युरो पडतात. चौघांत दोन मागवले म्हणून कोणी उठवणार नाही. पण गर्दीच्या वेळी टेबल अडवून कमी मागवणं तिथेही आवडत नाही. चौघांत तीन पिझ्झे आणि एखादा तळलेला पदार्थ हा मधला मार्ग. लहान मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी ‘बेबी’ पिझ्झा असतो.

कापून न देण्याचं कारण पुन्हा तो ओलावाच. पातळ तळाला चिरा पडल्या की रस खाली उतरतो आणि दोन मिनिटांत तळ भिजून लगदा होतो. तव्यावरचा फुलका जसा थेट पानात पडावा लागतो, तसंच हे. म्हणून सुरी-काट्याने मधून सुरुवात करायची, तळाचा निमुळता तुकडा कापून त्याची घडी करायची आणि काठ शेवटी हाताने खायचा. फोटो काढायचे तर पहिल्या अर्ध्या मिनिटात. रस्त्यावर उभ्याने खायचा लहान पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात. त्याला ‘आ पोर्ताफोल्यो’ म्हणतात, तो सुरीशिवाय.

अर्धा एक, अर्धा दुसरा अशी मागणी निवांत वेळी मान्य होते, गर्दीत बहुधा नाही.

प्रश्न : बिलात माणशी दोन युरो ‘कोपेर्तो’ लावले होते. फसवणूक होती का? वर टिपही द्यायची का? (कोल्हापूर)

फसवणूक नाही. टेबल, कापड, काटे-चमचे यांचा हा माणशी आकार आहे. सहसा एक ते तीन युरो असतो आणि मेनूवर छापलेला असायलाच हवा. बसल्याबसल्या मेनूचं शेवटचं पान उलटून पाहा, बारीक अक्षरात तिथेच असतो. छापलेला नसेल तर हरकत घ्या. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे, तिथे २००६ च्या प्रांतीय कायद्याने कोपेर्तोला मनाई आहे. तिथे त्याऐवजी ब्रेडचे पैसे लावलेले दिसतात. ब्रेड नको असेल तर आणून ठेवताक्षणीच सांगायचं.

‘सेर्वित्सियो’, म्हणजे सेवेचा आकार, अशी टक्केवारी वेगळी लावली असेल तर टिपेचा प्रश्नच नाही. नसेल तरी वरची चिल्लर सोडली की पुरे. पाणी बाटलीचंच येतं आणि त्याचे पैसे पडतात. ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रित्सांते’ म्हणजे बुडबुड्यांचं. बिल मागितल्याशिवाय येत नाही. अर्धा तास वाट पाहून वैतागू नका, ‘इल कोन्तो’ एवढं म्हटलं की आणतात.

प्रश्न : घरात कोणी मासे-मांस खात नाही, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. पिझ्झेरियात नक्की काय मागवावं? (जळगाव)

तुमच्यासाठी नेपल्स सोपं आहे. तिथला टोमॅटोचा रस शिजवलेला नसतो. टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घालतात, बस्स. त्यामुळे मार्गारितामध्ये टोमॅटो, चीज, तुळशीच्या जातीची बासिलची पानं आणि ऑलिव्ह तेल एवढंच येतं, कांदा-लसूण नाही. तरी ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’ म्हणजे लसूण नको, कांदा नको, असं सांगून ठेवावं. उत्तरेकडच्या शहरांत शिजवलेला सॉस वापरणारे भेटतात. ‘मरिनारा’ या टोमॅटोच्या पिझ्झ्यात चीज नसतं, पण लसूण असतो.

अडचण चीजची आहे. पार्मिजानो रेज्जानो नियमानेच वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. म्हशीच्या अस्सल मोझरेलाचंही तेच. साध्या फिओर दि लात्तेमध्ये कारखान्यागणिक फरक. विचारायचं असेल तर ‘काल्यो वेजेताले?’, म्हणजे रेनेट वनस्पतीजन्य आहे का, असं विचारा, पण गल्लीतल्या दुकानात याचं उत्तर मिळेलच असं नाही. हे चालणार नसेल, तर लसणाशिवायचा मरिनारा किंवा चीज काढून भाज्यांचा ‘ऑर्तोलाना’ मागवा. मार्गारितावर किसलेलं चीजही घालतात, तेही सांगून टाळता येतं.

मेनूवर ‘आलीची’ किंवा ‘अच्चूगे’ दिसलं की छोटे खारवलेले मासे, ‘तोन्नो’ म्हणजे ट्यूना, ‘प्रोश्शुत्तो’, ‘साल्सिच्चा’, ‘स्पेक’ म्हणजे डुकराचं मांस. ‘पेपेरोनी’ मात्र बेधडक खा, ती ढोबळी मिरची आहे. मांसवाला तिखट पिझ्झा ‘दियावोला’. ‘रिपिएनो’ या घडी घातलेल्या पिझ्झ्यात आत सलामी असते, बाहेरून काही कळत नाही. तळलेल्या पदार्थांपासून तर लांबच राहा. भाताच्या गोळ्यात खिमा, बटाट्याच्या क्रोकेत सलामीचे तुकडे सर्रास असतात आणि तेलही एकच.

अस्सल नेपल्सच्या पिठात पाणी, मैदा, मीठ, यीस्ट याखेरीज काही नसतं, चरबीही नाही. इतर ठिकाणी ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, पिठात आहे का ते विचारावं.

प्रश्न : संध्याकाळी सहाला पोचलो तर दार बंद. सुट्टी होती का? (सातारा)

नाही. दुपारी साडेबारा ते तीन आणि रात्री सात-साडेसातनंतर, हीच सर्वसाधारण वेळ. साडेसातला दारात उभं राहिलात तर भट्टी पूर्ण तापलेली आणि टेबलं रिकामी मिळतात. नऊनंतर रांग. १८७० पासून चालत आलेल्या दा मिकेलेसारख्या ठिकाणी दारात नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते. नुसतं ओळीत उभं राहून उपयोग नाही.

प्रश्न : घरच्या ओव्हनमध्ये तसा पिझ्झा का होत नाही? २५० अंशांवर ठेवला तर कडक पापड होतो. (पुणे)

कारण नेपल्सचं प्रमाण दीड मिनिटाच्या भट्टीसाठी आहे. एक लिटर पाण्याला १ किलो ६०० ते १ किलो ८०० ग्रॅम मैदा, ४० ते ६० ग्रॅम मीठ, ताजं यीस्ट फार तर ३ ग्रॅम, तेल-साखर नाही. २५० अंशांवर हेच पीठ रंग यायला दहा-बारा मिनिटं घेतं आणि तोवर वाळून जातं. घरी तेल आणि किंचित साखर घालायला हरकत नाही, मग तुम्ही म्हणता तसा पापड होत नाही.

५०० ग्रॅम मैदा, ३०० ते ३१० मिलिलिटर गार पाणी, १२ ग्रॅम मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा तेल, एक लहान चमचा साखर. मळून तासभर बाहेर, मग झाकून २४ तास फ्रीजमध्ये. तीन गोळे करून भाजण्याआधी दोन तास बाहेर काढा. उन्हाळ्यात तासभर पुरे, नाहीतर गोळे पसरून पिठातली जाळी फाटते. जाड लोखंडी तवा पालथा घालून सगळ्यात वरच्या खणात ठेवा आणि ओव्हन पूर्ण आचेवर ४५ मिनिटं तापवा. हा वेळ वाचवला की तळ पांढरा राहतो. लाटणं वापरू नका, काठातली हवा निघून जाते. बोटांनी मधून बाहेर दाबत न्या.

तापलेल्या तव्यावर पिझ्झा आधी फक्त टोमॅटो लावून चार मिनिटं, मग चीज घालून आणखी तीन-चार मिनिटं. आपल्याकडचं पाकिटातलं मोझरेला कोरडं असतं, सुरुवातीपासून घातलं तर ते तेल सोडून तपकिरी होतं. टोमॅटो एका पिझ्झ्याला ६० ते ८० ग्रॅमपेक्षा जास्त नको.