तोरणासाठी फळांच्या चकत्या

प्रश्न: दिवाळीच्या तोरणासाठी संत्र्याच्या चकत्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १५० अंशांवर तासभर वाळवल्या. कडा काळ्या पडल्या, गर चिकटच राहिला आणि आठवड्याभरात बुरशी धरली. काय चुकलं? (ठाणे)

उत्तर: आच जास्त झाली आणि वेळ कमी पडला. इतक्या आचेवर वरची साखर करपते, पण आतलं पाणी निघत नाही. बुरशीला तेवढी ओल पुरते.

फळही बदला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. चकती कापली की साल एकीकडे, फोडी दुसरीकडे. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते, म्हणून तोरणाला तीच उत्तम. केशरी रंगच हवा असेल तर माल्टा (घट्ट सालीचं गोड संत्रं) घ्या.

दातेरी सुरीने ५ मिलिमीटर जाडीच्या, सगळ्या सारख्या चकत्या कापा. बिया काढा. सुती पंच्यात दाबून रस टिपून घ्या. ही पायरी गाळली की वाळायला खूप वेळ लागतो. चकत्या ताटात न ठेवता जाळीवर पसरा, खालूनही हवा लागली पाहिजे. ९० ते १०० अंशांवर ३ ते ४ तास ठेवा आणि दर अर्ध्या तासाने उलटा. ओटीजीच्या दारात लाकडी चमचा अडकवून बोटभर फट ठेवा, नाहीतर वाफ आतच कोंडते. चकत्या अर्धवट वाळल्या की सालीच्या आतल्या कडेला लागून दाभणाने भोक पाडा. पूर्ण वाळल्यावर पाडायला गेलात तर गर तडकतो. साल कडक झाली, गर किंचित लवचीक असला, की काढा. गार होताना तो आणखी कडक होतो.

तुमच्याकडच्या दमट हवेत साखर पुन्हा ओल ओढते. तोरण बांधेपर्यंत चकत्या सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट डब्यात ठेवा. चिकट झाल्या तर २० मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये. वाळलेल्या सालीत तेल असतं, ती पटकन पेटते. त्यामुळे हे तोरण पणत्यांच्या वर किंवा जवळ अजिबात नको.

प्रश्न: सफरचंदाच्या चकत्या तपकिरी होतात. उपाय? (सांगली)

उत्तर: चिरल्याबरोबर १ लिटर पाण्यात २ लिंबांचा रस घालून त्यात १० मिनिटं बुडवा. आंबटपणामुळे काळं पडणं मंदावतं, पूर्ण थांबत नाही. थोडा बदामी रंग येणारच. चकत्या आडव्या कापा, म्हणजे मधोमध चांदणी दिसते.