तळ दिसतो म्हणून उथळ?

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे. आम्ही सहा-सात मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा भेटतो आणि एखाद्या विषयावर बोलतो. मी नेहमी तयारी करून जातो. गेल्या खेपेला विषय होता एकटेपणा. मी म्हणालो, ‘एकटेपणा म्हणजे स्वत्वाचा अभाव नव्हे, अभावाचं स्वत्व होय.’ त्यावर एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, ‘तुला खोल दिसायचं असतं ना, तेव्हाच तू सगळ्यात उथळ वाटतोस.’ तेव्हापासून मी तिथे तोंड उघडलेलं नाही. ती म्हणते ते खरं आहे का? खोल दिसू पाहणारी माणसं लोकांना उथळच वाटतात का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या वाक्याशी अडले आणि दुसऱ्यांदा ‘तोंड उघडलेलं नाही’ या शब्दांशी. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची. पण आधी तुम्ही जे विचारलंत त्याबद्दल.

सगळ्यांना उथळ वाटत नाहीत, हे आधी मान्य करायला हवं. गॉर्डन पेनिकुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारदस्त शब्द संगणकाकडून कसेही जुळवून त्यांनी वाक्यं तयार केली. व्याकरण शुद्ध, अर्थ काहीच नाही. ही वाक्यं किती सखोल वाटतात, याला लोकांनी १ ते ५ गुण द्यायचे होते. बऱ्याच जणांना त्यांत खोली दिसली. म्हणजे तुमच्या त्या वाक्यावर गटातल्या दोघातिघांनी मान डोलावली असेल, तर ती खोटी नव्हती. अडचण तीच आहे. त्या डोलणाऱ्या माना बघूनच आपण पुढचं वाक्य रचतो.

आता तुमचं वाक्य उलटं करून बघा : ‘एकटेपणा म्हणजे अभावाचं स्वत्व नव्हे, स्वत्वाचा अभाव होय.’ तेवढंच वजनदार वाटतं ना? उलटं केल्यावरही ज्या वाक्याचं काही बिघडत नाही, त्यात एकटेपणाबद्दल काही सांगितलेलंच नसतं. तुमच्या मैत्रिणीला हे जाणवलं. ती नीट ऐकत होती म्हणूनच जाणवलं.

आणि ती एकटी नाही. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यापीठाच्या प्रवेशअर्जांसोबतचे निबंध घेतले आणि त्यांतल्या साध्या शब्दांच्या जागी समानार्थी कोशातले लांबलचक शब्द घातले. मजकूर जितका जड झाला, तितका लिहिणारा वाचकांना कमी बुद्धिमान वाटला. वाचायला किचकट अशा अक्षरवळणात छापलं तरी तसंच झालं. आपल्याला पडलेल्या कष्टांचा हिशेब वाचक लिहिणाऱ्याच्या नावावर मांडतो.

मी एकतीस वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते आहे. या काळात भेटलेलं एक वाक्य तुम्हाला सांगते. लेख आईच्या मृत्यूवर होता आणि त्याची सुरुवात अशी होती : ‘वियोग हा अस्तित्वाच्या परिघावर उमटणारा शून्याचा प्रतिध्वनी आहे.’ मी लेखिकेला फोन केला आणि विचारलं, आई गेल्यावर काय झालं? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘चार महिने मी तिचा नंबर मोबाइलमधून काढला नाही. एकदा चुकून लागला, तर कुणा अनोळखी मुलाने उचलला. मी त्याला विचारलं, जेवलास का?’ मी म्हटलं, हेच लिहा. तर ती घाबरली. ‘हे फारच साधं आहे हो, लोक काय म्हणतील?’ त्या दिवशी मला उमगलं की शून्य, परिघ आणि प्रतिध्वनी तिने मिरवायला आणलेच नव्हते. ते पांघरायला आणले होते.

म्हणून मी अशा लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना ढोंगी म्हणायला तयार होत नाही. काही जण ढोंगी असतातही, पण फार थोडे. बाकीच्यांना आपलं स्वतःचं अपुरं वाटत असतं. मला वाटायचं. चोविसाव्या वर्षी एका कादंबरीच्या परीक्षणात मी ‘मिती’ हा शब्द सात ठिकाणी वापरला होता. संपादकांनी समासात एवढंच लिहिलं : ‘कादंबरी आवडली का?’ त्याचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, कारण तोवर मी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

अवघड शब्दांशी माझं वैर नाही, हेही सांगून टाकते. काही विचार खरोखरच अवघड असतात आणि त्यांना नेमके, कधी अपरिचित शब्द लागतात. शिवाय माणूस वाढत असतो तेव्हा तो आपल्या मापापेक्षा मोठे शब्द अंगावर घालून बघतोच. त्यात गैर काही नाही. तुम्हीही बघा. फक्त एखादं वाक्य सुचलं की बोलण्याआधी स्वतःला विचारा, हे मी कुठे पाहिलं? एखादा माणूस, एखादा दिवस, एखादी खोली आठवली तर आधी ती सांगा. नाही आठवली तर वाक्य थोडे दिवस राहू द्या.

मात्र साधं बोलायला लागलात की एक किंमत मोजावी लागेल. स्वच्छ पाण्यात सरळ वरून पाहिलं तर ४ मीटरची खोली साधारण ३ मीटरच भासते, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात. उलट गढूळ डबकं घोटाभर असलं तरी त्याचा तळ दिसत नाही. तसं काही जण तुम्हाला म्हणतील, यात काय विशेष, हे तर कुणालाही कळेल. ते सोसा.

आणि पुढच्या बैठकीला गप्प बसू नका. तुम्ही त्या गटात एकटे पडला आहात, आणि विषय तर एकटेपणाचाच होता. त्या संध्याकाळी घरी परतताना काय वाटलं, एवढंच त्या मैत्रिणीला सांगा.

प्रश्न : माझे वरिष्ठ प्रत्येक बैठकीत जड आणि मोघम बोलतात. ते उथळ आहेत हे त्यांना कसं दाखवून द्यावं?

उत्तर : दाखवून देऊ नका. बैठक संपल्यावर, आसपास कुणी नसताना विचारा, ‘सर, याचं एखादं उदाहरण सांगाल का? मला ते करून बघायचंय.’ आणि खरोखर करून बघायची तयारी ठेवा. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं की कुलूप किंवा कपड्याची चेन कशी चालते हे तुम्हाला किती कळतं. आधी लोकांनी स्वतःला भरघोस गुण दिले. मग पायरीपायरीने समजावून लिहायला सांगितल्यावर त्यांनी आपले गुण आपणच कमी केले. कुणी त्यांना टोकलं नव्हतं. तुमच्या वरिष्ठांनाही तेवढी संधी मिळू द्या. कदाचित त्यांच्याकडे उदाहरण असेलही, आजवर कुणी मागितलं नसेल.