खड्ड्यात सापडलेला निपचित बेडूक मेलाय की जिवंत आहे?

जागा करायला त्याला पाण्याच्या बादलीत सोडायचा विचार असेल, तर सोडू नका. डिचोलीला परसात माडासाठी खड्डा खणताना मिळालेला हा मोठा बेडूक बहुधा जिवंत आहे. मेलेला असता तर वास आला असता. तो उन्हाळा झोपून काढतोय.

गोव्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. बेडूक कातडीनेही श्वास घेतो आणि त्यासाठी कातडी ओली लागते. एप्रिलच्या उन्हात उघड्यावर राहिला तर तो सुकून मरेल. म्हणून शेतं वाळू लागली की मातीत शिरतो. पावसात खाऊन साठवलेली चरबी आणि मूत्राशयात भरून ठेवलेलं पाणी, एवढ्या शिदोरीवर महिने काढतो. रक्तात युरिया वाढतो, त्यामुळे कोरड्या मातीला त्याच्या अंगातलं पाणी सहज ओढून घेता येत नाही.

मला खरं थोर वाटतं ते पुढचं. शीतनिद्रेत गारठाच शरीर मंद करतो. इथे उलट आहे. बेडकाला स्वतःची ऊब नसते. माती तापली की त्याच्या अंगातली चरबी भराभर जळायला हवी. तरी त्याचं शरीर ती आच आतूनच कमी करतं, भर उन्हाळ्यात.

तुमच्या आसपास असे आणखीही असतील. शेतातली गोड्या पाण्यातली गोगलगाय शंखाचं झाकण घट्ट लावून चिखलात बसते. तळं आटलं की मऊ पाठीचं कासव गाळात शिरतं.

आता बेडकाचं काय करायचं ते सांगतो. बादलीत तो जागा होईल, शिदोरी खर्चेल आणि बाहेरही पडता येणार नाही. शिंपण होणाऱ्या एखाद्या माडाच्या आळ्याशेजारी, सावलीत, माती भुसभुशीत करून त्याला ठेवा. वरून पालापाचोळा घाला, दाबू नका. पुढचं खणणं तो मागच्या पायांनी करेल.

मृगाच्या जोरदार सरींनंतर हे सगळे बेडूक एकदम वर येतात. नर पिवळेधमक होतात, गळ्याकडच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, आणि त्याच थोड्या रात्रींत अंडी घातली जातात. नेमके तेव्हाच लोक 'जंपिंग चिकन'साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, बॅटऱ्या घेऊन निघतात. अंडी पोटात असलेल्या माद्याही पिशवीत जातात, याचा मला फार त्रास होतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही शिकार गुन्हा आहे. तुमच्या शेतात कोणी दिसलं तर वन खात्याला त्याच रात्री कळवा.