सीईओ व्हायचंय? आधी साठा आणि रोकड समजून घ्या

उत्पादनात दहा-बारा वर्षं काढलेले हुशार इंजिनियर प्लांट हेडच्या पुढे सरकत नाहीत, याचं नेहमीचं कारण म्हणजे ताळेबंद वाचता येत नाही. म्हणून शॉपफ्लोअर सोडण्याआधी दोन वर्षं तरी खरेदी किंवा कॉस्टिंगमध्ये मागून घ्या.

हिशेब साधा आहे. वर्षाला 73 कोटींचा उत्पादनखर्च म्हणजे रोजचे 20 लाख. साठा 10 दिवसांच्या खर्चाइतका कमी केला की 2 कोटी मोकळे होतात आणि 10 टक्के दराने वर्षाला 20 लाख व्याज वाचतं. पुरवठादाराचे पैसे अडवून मात्र रोकड दाखवू नका. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी, 45 दिवसांत चुकवावंच लागतं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज.

साठा फुगतो कुठे? प्रेसमधली डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बदलायला 3 तास लागत असतील तर सुपरवायझर मोठ्या बॅच लावणारच, त्याला बोल लावू नका. पुढची डाय, बोल्ट, स्पॅनर प्रेस चालू असतानाच शेजारी आणून ठेवायला लावा. बराचसा वेळ शोधाशोधीत जातो, तो आधी वाचतो.

पद मिळालं तरी सकाळची फेरी चुकवू नका. रिजेक्शनच्या लाल पेटीतला तुकडा हातात घ्या. बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धारदार कोर, एकाच कडेला जाड असेल, तर पंच (वरून दाबून कापणारा भाग) आणि डायमधली फट सगळीकडे सारखी नाही. रिपोर्टात तोच तुकडा ‘इतर’ या रकान्यात गेलेला असतो.