निवड चाचणीला बसणाऱ्या शिक्षिकेस पत्र

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण पहिल्या वाचनात मला त्या गृहस्थांचा रागच आला आणि रागाच्या भरात लिहिलेले एकही पत्र आजवर मला धड जमलेले नाही. डिचोलीच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या मुलीला तेरा वर्षांखालील मुलांच्या निवड चाचणीला बोलावले, तिने एका मुलाचे नाव पुढे केले, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माजी खेळाडूने सर्वांदेखत विचारले, ‘बाई, तुम्ही कधी बूट बांधून नव्वद मिनिटे खेळला आहात काय?’ तू त्या वेळी गप्प राहिलीस, हे बरे केलेस. मात्र त्या एका प्रश्नावरून या कामातून नाव काढून घ्यावे की काय, असे तू मला विचारतेस, ते मला पटलेले नाही.

मी खेळलेला माणूस आहे, म्हणून माझ्या उत्तराला वजन आहे, असे तू लिहिले आहेस. ही समजूत आधी जरा सैल करतो. आमच्या काळी गोव्यात ‘व्यावसायिक’ हा शब्द फुटबॉलला फारसा चिकटलेला नव्हता. साळगांवकर, धेंपो, सेझा हे क्लब खाण व्यवसायातल्या घराण्यांचे आणि कंपन्यांचे होते, आणि खेळाडू बहुधा कुठल्या तरी कंपनीच्या, बंदराच्या नाहीतर बँकेच्या हजेरीपटावर असायचे. राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६ साली, आणि एफसी गोवा हा संघ तर २०१४ चा. मी एका क्लबकडून आठ हंगाम स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमधचा खेळाडू, म्हणून खेळलो, सकाळी कचेरीत सही केली आणि दुपारी सरावाला गेलो. याला व्यावसायिक म्हणायचे की नाही, ते तू ठरव. त्यानंतरची वीसएक वर्षे मुले निवडण्यात गेली, आणि आज सांगण्यासारखे जे काही माझ्याकडे आहे, त्यातले बरेचसे या दुसऱ्या काळातले आहे.

त्या गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य किती, ते आधी पाहू, कारण ते अगदीच पोकळ नाही. इटलीतील शास्त्रज्ञांनी २००८ साली बास्केटबॉलवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. फ्री थ्रोची, म्हणजे कोणी न अडवता बास्केटकडे करायच्या फेकीची, चित्रफीत वेगवेगळ्या क्षणी थांबवायची आणि चेंडू बास्केटमध्ये जाईल की नाही हे पाहणाऱ्याला सांगायला लावायचे, असा तो प्रयोग होता. पाहणाऱ्यांत वरच्या दर्जाचे खेळाडू होते, ज्यांची उमर खेळ पाहण्यात गेली असे प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकार होते, आणि खेळाशी संबंध नसलेले लोकही होते. खेळाडूंचे उत्तर सर्वांच्या आधी आले आणि सर्वांत अधिक बरोबर निघाले. चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच, फेकणाऱ्याच्या अंगाच्या हालचालीवरून ते अंदाज बांधत होते. प्रशिक्षकांनी आणि पत्रकारांनीही हजारो फेकी पाहिल्या होत्या, पण त्यांच्या अंगाने त्या फेकलेल्या नव्हत्या.

फुटबॉलमध्येही हे असेच आहे, याची ग्वाही मी देतो. आषाढातल्या भिजलेल्या मैदानावर चेंडू टप्पा पडल्यावर उसळत नाही, सपाट घसरत येतो, आणि अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी दोन पावलांवर असताना तो चेंडू पायाच्या बाहेरच्या बाजूने मऊ घेऊन त्याच हालचालीत वळणे किती अवघड आहे, हे ज्याचा पाय एकदा तरी तिथे घसरला आहे त्यालाच पुरते कळते. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक साधी हालचाल वाटते, आणि त्यानंतरचा तीस यार्डांचा जोरदार फटका मात्र थोर वाटतो, जो बहुधा कोणालाही मारता येतो. हा डोळा त्या गृहस्थांकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. हे मान्य करण्यात कमीपणा नाही, आणि मान्य केल्यावाचून पुढचे बोलणेही नीट होणार नाही.

आता चाचणीच्या दिवशी तुमच्या समितीपुढे कोणता प्रश्न होता, ते आठव. हा चेंडू आत जाईल काय, असे कोणी विचारले नव्हते. बारा वर्षांचा हा मुलगा अठराव्या वर्षी कुठे असेल, असे विचारले होते. या प्रश्नात हाडे वाढणे आहे, घरची परिस्थिती आहे, दहावीची परीक्षा आहे, चांगला किंवा वाईट प्रशिक्षक लाभणे आहे. दुसऱ्याची ही सहा वर्षे कोणीच खेळून काढलेली नसतात. खेळाडूने स्वतःची तेवढी काढलेली असतात, आणि गोंधळ नेमका तिथून सुरू होतो.

माझाच गोंधळ सांगतो. निवडकर्ता म्हणून पहिल्या चार-पाच वर्षांत मी जी मुले घेतली, त्यांची यादी एकदा बायकोने सहज वाचली आणि ती म्हणाली, ‘ही सगळी तुमच्यासारखीच दिसतात.’ खरेच होते ते. रुंद खांद्याची, ओरडून सहकाऱ्यांना जागा दाखवणारी, टॅकलमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढून घेताना, बिनधास्त पाय घालणारी मुले मला आवडत. त्याच काळात एक काटकुळा, डावखुरा मुलगा चाचणीला आला होता. अंगाला अंग लागायची वेळ आली की तो तिथे नसेच. मी वहीत ‘भित्रा’ असा एकच शब्द लिहिला आणि नाव खोडले. पुढे चार वर्षांनी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये मी गॅलरीत बसलो होतो आणि तोच मुलगा दुसऱ्या एका संघाच्या मधल्या फळीत खेळत होता. अंग लागायची वेळ आली की तो तेव्हाही तिथे नसे. फरक एवढाच की, या वेळी मला दिसले, प्रतिस्पर्धी पोहोचेपर्यंत त्याने चेंडू देऊन टाकलेला असे आणि तो पुढच्या मोकळ्या जागेकडे निघालेला असे. बाराव्या वर्षीही तो तेच करत असणार. मी टॅकल टाळत असे तेव्हा ती भीती असे, म्हणून त्याचे टाळणेही मला भीती वाटली. ज्या अंगाच्या आठवणीने खेळाडूला फेक आधी ओळखता येते, त्याच आठवणीने मला हा मुलगा ओळखू दिला नाही.

थोरांच्या बाबतीतही हे घडते. दिएगो माराडोनापेक्षा फुटबॉल अधिक जाणणारे पाय फार थोडे झाले असतील. २०१० च्या विश्वचषकासाठी अर्जेंटिनाचा संघ त्याने प्रशिक्षक म्हणून निवडला, तेव्हा हाविएर झानेत्ती आणि एस्तेबान काम्बियासो यांना त्याने घरी ठेवले. त्याच मे महिन्यात इंटर मिलानने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली होती. झानेत्ती त्या संघाचा कर्णधार होता आणि काम्बियासो मधल्या फळीचा आधार. उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीने अर्जेंटिनाला ४-० असे हरवले. केवळ या दोघांच्या अभावामुळे ते घडले असे कोणी म्हणू नये, फुटबॉल इतका सरळ नसतो. पण खेळण्यातल्या अधिकाराने निवडीचा अधिकार आपोआप येतो असे मानणाऱ्याने त्या यादीकडे एकदा पाहावे.

दुसऱ्या बाजूचे एक नाव तुला शिक्षिका म्हणून मुद्दाम सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. हौशी क्लबांकडून ते खेळले होते, पण त्यांचे नाव झाले ते प्रशिक्षक म्हणून. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. जकार्तामधल्या १९६२ च्या स्पर्धेत बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला टाके पडलेले असताना रहीम साहेबांनी त्यांना पुढच्या फळीत खेळवले, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यांनी गोलही केला. भारत २-१ असा जिंकला. माणूस आज ज्या जागी उभा आहे त्यापलीकडे कुठे उभा राहू शकेल, हे ओळखण्याची ती नजर होती. इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१६ साली लीग जिंकून जगाला चकित केले, त्या संघातले वार्डी, महरेझ आणि कांते हे तिघे शोधण्याचे श्रेय ज्या स्टीव्ह वॉल्शना दिले जाते, तेही एकेकाळी शाळेत तुझाच विषय शिकवत होते. महरेझ त्यांना दिसला तो तर दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला गेले असताना.

एवढ्यावर हुरळून जाऊ नकोस. न खेळलेल्यांचीही एक खास चूक असते, आणि तुझ्या पत्रातल्या तक्त्यांवरून मला तिची थोडी भीती वाटली. इंग्लंडच्या हवाई दलातले चार्ल्स रीप हे हिशेबी गृहस्थ १९५० पासून सामन्यातला एकेक पास कागदावर टिपत असत. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात, असे त्यांना आढळले, आणि त्यावरून चेंडू लवकर व लांब पुढे मारावा, असा त्यांचा आग्रह झाला. मुळात सामन्यात बहुतेक चढाया तेवढ्याच छोट्या असतात, मग बहुतेक गोलही त्यांतूनच यायचे, ही गोष्ट हिशेबातून निसटली. तू प्रत्येक मुलाचे पास मोजलेस, हे चांगले आहे. परंतु ज्या मुलाने वीसपैकी अठरा पास अचूक दिले, त्याने ते मागे दिले की दोन बचावपटूंच्या मधून दिले, हे तुझ्या तक्त्यात कुठे आहे?

आता तू काय करावेस, ते लिहितो. क्रम मनाला येईल तसा आहे.

मुलाचे नाव लिहिण्याआधी त्याची जन्मतारीख लिही. वयोगट १ जानेवारीपासून मोजला की जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, आणि बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे कित्येकदा चार बोटे उंची आणि बराच अधिक जोर. युरोपातल्या अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले शेवटच्या तीन महिन्यांतल्या मुलांहून कितीतरी अधिक आढळतात, हे वारंवार दिसून आलेले आहे. आपल्याकडे त्यात खोट्या दाखल्यांची भर पडते, म्हणून तर हाडांवरून वय ताडण्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढायची वेळ आली. ज्या मुलाचे नाव तू पुढे केलेस, तो नोव्हेंबरातला आहे, असे तू पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहेस. ते समितीपुढे पहिल्या वाक्यात यायला हवे होते.

दुसरे असे की, चेंडूकडे पाहणे कमी कर. चेंडू सगळेच पाहतात. एक मुलगा धर आणि पाच मिनिटे फक्त त्यालाच पाहा, विशेषतः चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी. तो मान वळवून मागे, बाजूला पाहतो का? नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लिश लीगमधल्या मधल्या फळीच्या खेळाडूंचा असा अभ्यास केला, तेव्हा चेंडू घेण्यापूर्वी जे वारंवार आजूबाजूला पाहत होते त्यांचे पुढचे पास अधिक यशस्वी ठरत होते. हे पाहायला पायात बूट कधी बांधलेले असावे लागत नाहीत, धीर मात्र लागतो. माझ्या त्या काटकुळ्या मुलाची मान त्या दिवशी कितीदा वळली, हे मी पाहिलेच नव्हते.

चूक झाल्यावरचे दहा सेकंदही पाहा. मुलगा सहकाऱ्याकडे हात करतो, बाकाकडे पाहतो, की परत धावतो? इथे तू त्या गृहस्थांच्या पुढे आहेस, कारण वर्गात चुकलेली चाळीस मुले तू रोज पाहतेस. आणि एका चाचणीवर कोणाचाही निकाल लावू नकोस. शक्य असेल तर कापणी झाल्यावर शेतात मुले आपापसांत खेळतात तिथे जा. पंच नाही, पालक नाहीत, अशा वेळी मुले कोणाला चेंडू देतात ते पाहा. कोण चांगला आहे हे मुलांना आपल्या सर्वांच्या आधी ठाऊक असते.

सर्वांत महत्त्वाचे काम कंटाळवाणे आहे. प्रत्येक मुलाबद्दलचा आपला अंदाज, कारणासह, दुसऱ्या कोणाशी बोलण्यापूर्वी, तारीख घालून लिहून ठेव, आणि दर वर्षी ती वही उघड. नाकारलेल्या मुलांची पानेही ठेव, ती अधिक शिकवतात. आम्ही खेळाडू लोक हे करत नाही. आमच्या बरोबर निघालेल्या निवडी आम्हाला आठवतात आणि चुकलेल्या निवडींबाबत मुलाचे नशीब, गुडघा नाहीतर संगत आडवी आली असे आम्ही सांगतो. अशी कारणांची वही मी ठेवू लागलो ती त्या डावखुऱ्या मुलानंतर, आणि पहिल्या तीन वर्षांची पाने मी अजून कोणाला दाखवलेली नाहीत.

त्या गृहस्थांशी भांडू नकोस, त्यांचा उपयोग करून घे. ‘हा मुलगा घ्यावा का?’ असे त्यांना विचारशील, तर ते स्वतःचे तरुणपण सांगतील. ‘आत्ता त्याने जो चेंडू घेतला तो घेणे किती अवघड होते?’ असे विचार, म्हणजे जे तुला दिसू शकत नाही ते त्यांच्या तोंडून तुला मिळेल. त्यांच्या उत्तराला तुझ्या वहीत वेगळा रकाना ठेव.

तुमची दुसरी चाचणी पुढच्या रविवारी आहे ना? सकाळच्या बसने मी फोंड्याहून येतो, कुंपणाबाहेर उभा राहीन, समितीत काही बोलणार नाही. येताना दोनशे पानांच्या तीन कोऱ्या वह्या आणतो. एक तुला, एक मला, आणि तिसरी तू स्वतःच्या हाताने त्या गृहस्थांना दे. पहिले नाव पुकारण्याआधीच दे, म्हणजे त्यांनाही आधी लिहावे लागेल.

तुझा,
फोंड्याचा मास्तर